शंभर दिवसांचे शिपाई

चढवा तो कोट अंगावर. निळा आहे, जाड लोकरीचा आहे, आणि महिना मे असला तरी तुम्हाला याच कोटात जुलै काढायचा आहे. बाह्या बोटांपर्यंत येतील, गळ्याशी काचेल. सरकारी कपडा मापाने शिवलेला नसतो, मापात बसायची जबाबदारी माणसाची.

तारीख 5 मे 1864, गुरुवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहराच्या कडेला कॅम्प क्लीव्हलंड नावाची छावणी आहे, तिच्या मैदानात तुम्ही रांगेत उभे आहात. वय 19. परवापरवापर्यंत इथून पंचावन्न-साठ किलोमीटरवरच्या ओबर्लिन कॉलेजात ग्रीक क्रियापदं घोकत होता. गव्हर्नरच्या हुकमाप्रमाणे सोमवारी, 2 मेला, हजर व्हायचं होतं, तेव्हा पुस्तकं तशीच उघडी टाकून सगळी पोरं निघाली. आता डॉक्टर पुढे येऊन तुमचे दात बघतोय. हसू नका. बंदुकीचं काडतूस कागदी असतं, ते दातांनी फाडावं लागतं. समोरचे दात नसलेल्या माणसाचा या सैन्याला उपयोग नाही.

हात वर करा, शपथ घ्या. मुदत: 100 दिवस. आजपासून तुम्ही ओहायोच्या 150 व्या पायदळ पलटणीचे शिपाई. कर्नल विल्यम हेवर्ड, कंपनी 'के'. पगार महिना 13 डॉलर, जूनमध्ये काँग्रेस तो 16 करील. भरतीचं बक्षीस नाही. आणि एक गोष्ट बारकाईने ऐकून घ्या, कारण रांगेतल्या अर्ध्या पोरांनी ती ऐकलेली नाही: या चाकरीमुळे सक्तीच्या भरतीतून सुटका नाही. शंभर दिवस पुरे करून घरी गेलात आणि पुढच्या सोडतीत तुमची चिठ्ठी निघाली, तर पुन्हा हजर व्हायचं.

हा सौदा कोणी केला? ओहायोचे गव्हर्नर जॉन ब्रो यांनी. 21 एप्रिलला ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन या पाच राज्यांच्या गव्हर्नरांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही 85 हजार माणसं देतो, शंभर दिवसांसाठी, त्यांना किल्ल्यांवर, रेल्वेमार्गांवर, कोठारांवर पहाऱ्याला बसवा आणि तिथे आज अडकून पडलेले जुने शिपाई उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्याकडे पाठवा. शंभर दिवसांत हे उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपेल, असा सगळ्यांचा होरा. दोन दिवसांत मंजुरी आली. ओहायोने 30 हजारांचं वचन दिलं होतं. दोन आठवड्यांच्या आत जवळपास 36 हजार माणसं उभी केली.

ती कुठून आली, ते बघण्यासारखं आहे. बहुतेक सगळे 'नॅशनल गार्ड'चे, म्हणजे राज्याच्या हौशी फौजेचे: महिन्यातून एखादा दिवस कवायत करणारे दुकानदार, बँकेतले कारकून, शिक्षक, आणि हजारो शेतकरी. आपल्याकडे दसऱ्याला शिलंगण करून मोहिमेवर निघायचं आणि मृगाच्या आधी पेरणीला घरी परतायचं, असा शेतकरी शिपायांचा शिरस्ता होता. इथे बरोबर उलटं झालं. मक्याच्या पेरणीच्या तोंडावर माणूस उचलला. शेत बायकोने, म्हाताऱ्याने, शेजाऱ्याने सांभाळायचं. युद्धाच्या इतिहासात हे नांगर मोजले जात नाहीत. मला विचाराल तर ब्रोसाहेबांच्या सौद्यातला सगळ्यात महाग भाग तोच होता.

थोडक्या मुदतीच्या शिपायाची अमेरिकेत फार चांगली ख्याती नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. 1795 च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्षाला राज्यांची फौज एका वर्षात तीन महिन्यांपुरतीच मागवता येई. म्हणून एप्रिल 1861 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा लिंकन यांनी 75 हजार माणसं मागितली ती तीन महिन्यांसाठी. जुलैत बुल रनची पहिली मोठी लढाई झाली, आणि नेमकी त्याच वेळी पेनसिल्व्हेनियाच्या चौथ्या पलटणीची मुदत संपली. जनरल मॅकडॉवेल यांनी थांबा म्हणून विनवलं. पलटण थांबली नाही. पुढून शत्रूच्या तोफा ऐकू येत असताना ती माणसं पाठ करून घरच्या रस्त्याला लागली. कायद्याने त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण तेव्हापासून 'मुदतीचा शिपाई' म्हटलं की जुन्या खोडांच्या ओठांवर एक ठरावीक हसू येतं. ते तुम्हाला पुढचे साडेतीन महिने बघायचं आहे.

तुमची कंपनी मात्र जरा निराळी. कंपनी 'के' म्हणजे जवळजवळ सगळं ओबर्लिन. 1833 साली वसलेलं हे गाव आणि कॉलेज. 1835 पासून काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश, 1837 पासून मुलींना पदवीच्या वर्गात. सुरुवातीच्या करारनाम्यात तंबाखू आणि दारूच काय, चहा-कॉफीसुद्धा शक्यतो टाळावी असं लिहिलेलं. (आणि इथे लष्करात पहिल्या दिवशी तुमच्या हातात काय येतं? डबाभर काळी कॉफी. आठवड्याभरात तुम्ही तिच्यावाचून उठणार नाही.) 1858 मध्ये जॉन प्राइस नावाच्या पळून आलेल्या गुलामाला पकडणाऱ्यांच्या हातून याच गावच्या लोकांनी सोडवून नेलं आणि त्यासाठी तुरुंगही भोगला. पुढच्याच वर्षी गुलामगिरीविरुद्ध उठलेल्या जॉन ब्राउनबरोबर हार्पर्स फेरीवर चालून गेलेल्यांत इथले दोन काळे तरुण होते, लुइस लिअरी आणि जॉन कोपलंड. एक गोळीने मेला, दुसरा फासावर गेला. तेव्हा हे युद्ध कशासाठी चाललंय हे तुम्हाला कोणी समजावायला नको.

तरी रांगेतून एकदा डावी-उजवीकडे नजर टाका. तुमच्याबरोबर एकाच बाकावर बसणारे काळे विद्यार्थी या रांगेत नाहीत. काळ्या शिपायांच्या पलटणी वेगळ्या, अधिकारी गोरे. ओबर्लिनची काही काळी पोरं त्यासाठी थेट मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीत जाऊन भरती झाली. बाक एक असलं तरी रांगा वेगळ्याच राहिल्या. तुमच्यापैकी कोणी हे बोलून दाखवत नाही.

दुसरीही एक रांग तुमच्या मनात आहे. 1861 मध्ये तुमच्याच कॉलेजची एक तुकडी ओहायोच्या सातव्या पलटणीत गेली होती. आधी तीन महिन्यांसाठी, मग तीन वर्षांसाठी. त्यातली कितीतरी पोरं व्हर्जिनियाच्या मातीत राहिली. उरलेल्यांची मुदत यंदाच्या जुलैत भरते. तुम्ही जाताय शंभर दिवसांसाठी, आणि ते परत येताहेत तीन वर्षांनी. स्टेशनावर गाठ पडली असती तर काय बोलला असता कोण जाणे.

आगगाडीत चढा. वॉशिंग्टनला उत्तरेकडून जाणारी प्रत्येक गाडी बाल्टिमोरवरून जाते. तीन वर्षांपूर्वी याच शहरात जमावाने मॅसॅच्युसेट्सच्या सहाव्या पलटणीवर दगड फेकले आणि गोळ्या झाडल्या होत्या. तेही तीन महिन्यांचेच शिपाई. आता लोक फक्त बघतात. मग झाडी, धूळ, आणि एकदम कॅपिटलचा पांढरा घुमट. अगदी नवा आहे. त्याच्या टोकावरचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा गेल्या डिसेंबरातच बसला. खाली रस्त्यात डुकरं फिरताहेत.

पलटणीचं मुख्य ठाणं फोर्ट बंकर हिल. बाकीच्या कंपन्या आजूबाजूच्या किल्ल्यांवर वाटल्या गेल्या. तुमच्या वाट्याला येतो फोर्ट स्टीव्हन्स.

किल्ला म्हणताच राजगड-प्रतापगड डोळ्यांसमोर आणू नका. दगड शोधून सापडणार नाही. मातीचा जाड तट, आतून फळ्यांचा आधार, बाहेर खंदक, खंदकापुढे झाडं तोडून त्यांच्या टोकदार फांद्या शत्रूकडे करून रचलेलं कुंपण, आणि त्याच्याही पुढे बंदूकवाल्यांसाठी खणलेले खड्डे. तटावर तोफा, त्यांत 30 पौंडी पॅरट जातीच्या पाच, लांब पल्ल्याच्या. राजधानीभोवती असे साठाहून अधिक किल्ले कडं करून बसलेत आणि त्यांमधल्या रानातून खंदकांची ओळ गेलीय. तुमच्या किल्ल्याच्या शेजारून सेव्हन्थ स्ट्रीट रोड जातो: उत्तरेला सिल्व्हर स्प्रिंग, दक्षिणेला थेट शहर. व्हाइट हाउस इथून आठ किलोमीटर.

पायाखालची माती कोणाची, तेही सांगतो. एलिझाबेथ थॉमस नावाच्या एका स्वतंत्र काळ्या बाईची. किल्ला मोठा करायचा ठरला तेव्हा शिपायांनी तिचं घर पाडलं. मूल काखेला घेऊन ती झाडाखाली रडत बसली असताना एक उंच माणूस आला आणि तुला याचं मोठं फळ मिळेल म्हणाला, तो लिंकन होता, असं ती म्हातारपणी सांगत असे. तो लिंकन असेल-नसेल. घर मात्र नक्की गेलं.

मे संपतो, जून लागतो. तुम्हाला वाटलं होतं युद्ध म्हणजे लढाई. युद्ध म्हणजे फावडं. तट ढासळतो, तो नीट करा. खंदकात पाणी साचतं, ते उपसा. सकाळी कवायत, दुपारी तोफेची कवायत, रात्री पहारा. खायला हार्डटॅक, म्हणजे पीठ-पाण्याचं दगडासारखं बिस्किट, कॉफीत बुडवल्याशिवाय दाताला दाद न देणारं. बरोबर खारवलेलं डुकराचं मांस आणि घेवडा. जुलाब ठरलेले. या युद्धात गोळीने एक मेला तर रोगाने दोन, हे प्रमाण तुम्हाला ठाऊक नाही, पण पलटणीच्या डॉक्टरपुढची सकाळची रांग तुम्ही रोज बघता.

बंदूक भरायला शिकलात का? काडतूस दाताने फाडा, दारू नळीत ओता, गोळी बसवा, गजाने ठासा, गज परत जागेवर, घोडा अर्धा ओढा, ठिणगीची टोपी चढवा. मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढतो. तुम्ही आज एक काढलात आणि गज नळीतच विसरलात.

तिकडे ग्रँट दक्षिणेत कापत चाललाय. 4 मेला त्याने रॅपिडन नदी ओलांडली आणि सहा आठवड्यांत त्याची सुमारे 55 हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. ती भोकं बुजवायला वॉशिंग्टनच्या किल्ल्यांतल्या तरबेज तोफखाना पलटणी त्याने बंदुका देऊन लढाईत नेल्या. त्यांची ही रिकामी जागा तुम्हाला दिलेली आहे. सौदा कागदावर चोख आहे: तिथे पक्का गडी, इथे कच्चा. अट एकच, इथे कोणी चालून येता कामा नये.

या उन्हाळ्याचा एक धागा आपल्याही घरापर्यंत येतो, जाता जाता दाखवतो. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखलीत, अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला पोचत नाही, म्हणून खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईत सोन्याच्या भावाने विकला जातोय. तुम्ही फोर्ट स्टीव्हन्सवर माती उपसत असताना मुंबईत माणसं समुद्र बुजवायच्या कंपन्यांच्या शेअरांमागे वेडी झालीत. हे युद्ध असंच चालू राहावं, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. पुढच्या वर्षी ते संपेल आणि प्रेमचंद रायचंदांसारखे कुबेर एका झटक्यात खाली येतील. त्याच मुलखात जोतीराव फुले नावाचा एक माणूस या युद्धाकडे निराळ्या डोळ्यांनी बघतो आहे. 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापताना तो ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण करील. त्या लोकांत तुम्ही धरले जाता की नाही, हे अजून ठरायचं आहे.

कारण चालून येणारा निघालाय. दक्षिणेचा जनरल ज्युबल अर्ली. रिचमंडच्या बचावातून काढलेली फौज घेऊन तो शेनांडोआ खोऱ्यातून उतरला, पोटोमॅक ओलांडून मेरीलंडमध्ये शिरला. शनिवारी, 9 जुलैला, मोनोकसी नदीवर लू वॉलेसने हाताला लागतील ती माणसं गोळा करून त्याला दिवसभर अडवलं. (हाच वॉलेस पुढे 'बेन-हर' कादंबरी लिहिणार.) तिथे बाल्टिमोरच्या रस्त्यावरचा दगडी पूल धरून बसलेल्यांत ओहायोचीच 149 वी पलटण होती. शंभर दिवसांचीच. वॉलेस हरला, पण अर्लीचा एक दिवस गेला. रविवार अर्लीने रणरणत्या उन्हात चालण्यात घालवला आणि त्याची माणसं रस्त्याच्या कडेला शेकड्यांनी पडत गेली.

सोमवार, 11 जुलै. उठा. उत्तरेकडच्या झाडीवर धूळ दिसते आहे. वारा नाही, तरी धूळ हलते आहे.

फोर्ट स्टीव्हन्समध्ये या सकाळी एकूण 209 माणसं. त्यांत तुमची कंपनी, मिशिगनच्या 13 व्या बॅटरीचे गोलंदाज आणि इस्पितळातून उठवून आणलेले 52 अर्धे बरे शिपाई. शहरात लष्करी पुरवठ्याचे प्रमुख मेग्जसाहेब सरकारी कोठारांतल्या कारकुनांच्या हातात बंदुका देताहेत. शेजारच्या किल्ल्यांची अवस्था हीच.

तुम्ही तटाच्या आत नाही. तुमची पाळी बाहेरच्या चौकीवर आहे, शेताच्या कुंपणाशी. घसा कोरडा. समोरच्या सफरचंदाच्या बागेत काहीतरी राखाडी हललं. मग एक कोरडा आवाज, आणि तुमच्या डावीकडच्या कुंपणाची ढलपी उडाली. गोळी आली की आधी बार ऐकू येतो, मग ढलपी उडते. एवढं ज्ञान ग्रीक व्याकरणात नव्हतं.

भरा. फाडा, ओता, ठासा. हात थरथरतोय, दारू निम्मी बाहेर सांडली. चालेल. टोपी चढवा. झाडा. लागली का? माहीत नाही. पुन्हा. चौकीवाले मागे सरकताहेत, एकेक करून, वाकून. न्यूयॉर्कचे 25 व्या पलटणीचे घोडेस्वार घोडे मागे ठेवून तुमच्या मधून पुढे जातात. डोक्यावरून किल्ल्याच्या तोफेचा गोळा जातो आणि आपलीच तोफ असूनही तुम्ही जमिनीला चिकटता. तुमच्या कंपनीतला एक मुलगा पडला. कालपर्यंत तुमच्या तंबूत होता. जखम भरून येणार नाही.

एवढ्यात मान वर करायची ताकद राहिली असेल तर समोरच्या चढावर बघा. दुपारचे बारा वाजून गेलेत. अर्ली स्वतः घोड्यावरून पुढे आलाय. दुर्बिणीतून त्याला मातीचा मोठा तट दिसतो, तटावर तुरळक माणसं दिसतात आणि तोफांचा नेम कच्चा आहे हेही त्याला ऐकू येतं. किल्ला जवळजवळ रिकामा आहे, हे त्याने अचूक ओळखलं. मागे घुमट दिसतो आहे. त्याने रोड्सच्या डिव्हिजनला फळी धरायला सांगितलं. पण फळी धरणारी माणसं मागे मैलोगणती रस्त्यावर पसरलीत, जीभ बाहेर काढून. जी पोचलीत ती सावलीत आडवी झालीत. त्यांतल्या काहींना सिल्व्हर स्प्रिंगला फ्रान्सिस ब्लेअर यांच्या घरात दारूचं तळघर सापडलंय.

तास-दीड तास. या सगळ्या पलटणीचा, या सगळ्या शंभर दिवसांच्या सौद्याचा जीव इतक्या वेळात आहे. पुस्तकं लिहिणारे नंतर वाद घालतील की अर्ली तेव्हा तडक चालून आला असता तर राजधानी पडली असती का. माझं मत विचाराल तर शहरात शिरला असता, टिकला नसता. आणि शिरणंही पुरेसं होतं. निवडणुकीच्या वर्षात राष्ट्राध्यक्षाची राजधानी एक दुपार जरी शत्रूच्या हातात गेली असती, तरी नोव्हेंबरात त्याला मतं मागायला तोंड उरलं नसतं. अर्ली थांबला तो थकव्यामुळे, आणि तट पूर्ण रिकामा नव्हता म्हणूनही. तटावर कच्ची माणसं होती, नेम चुकवत होती, पण होती. लांबून दुर्बिणीला दात दिसत नाहीत, टोप्या दिसतात.

आणि मग शहराच्या बाजूने धूळ. या वेळी आपली. सिक्स्थ स्ट्रीटच्या धक्क्यावर दुपारी ग्रँटने पाठवलेल्या बोटी लागल्या, आणि होरेशिओ राइटची सहावी कोअर सेव्हन्थ स्ट्रीट रोडने चढत येते आहे. टोपीवर क्रूसाची खूण, कोट मातकट, चेहरे चामड्याचे. ते पळत नाहीत, ओरडत नाहीत, तुमच्या शेजारून ढांगा टाकत जातात. एक जण तुमच्या नव्या कोऱ्या कोटाकडे बघतो. तेच ते हसू. पण त्याने आपली पाण्याची बाटली तुमच्याकडे फेकली, तीही अर्धी भरलेली.

त्या दुपारी लिंकन आले होते. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पुन्हा आले, बरोबर पत्नी मेरीबाई. राइटने शिष्टाचार म्हणून विचारलं, लढाई बघायला तटावर येता का? आणि सहा फूट चार इंचांचा माणूस, वर उंच टोपी, खरोखरच तटावर जाऊन उभा राहिला. शेजारी उभा असलेला पेनसिल्व्हेनियाच्या 102 व्या पलटणीचा डॉक्टर क्रॉफर्ड गोळी लागून कोसळला. कोणीतरी ओरडून त्यांना खाली उतरवलं. ते शब्द राइटच्या दिमतीला असलेल्या कॅप्टन ऑलिव्हर वेंडेल होम्सचे, जो पुढे सर्वोच्च न्यायालयाचा नामांकित न्यायाधीश झाला, अशी गोष्ट फार रंगवून सांगतात. ती पुष्कळ वर्षांनी सांगितली गेली, त्यामुळे मी तिच्यावर पैज लावणार नाही. पक्कं आहे ते वेगळंच: होम्सचीही मुदत भरत आली होती. पाच दिवसांनी, 17 जुलैला, त्याची तीन वर्षं संपली आणि तो घरी गेला. त्या तटावर मुदत मोजणारे फक्त तुम्हीच नव्हता.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला सहाव्या कोअरमधली बिडवेलची ब्रिगेड तुमच्या डोळ्यांदेखत चढाईला निघाली. आधी तोफांनी समोरची घरं पेटवली, कारण तिथून नेमबाज गोळ्या घालत होते. मग ओळी चालू लागल्या. आता तुम्ही तटाच्या आत आहात, तोफेला दारू पुरवताय, आणि पहिल्यांदा बघताय की खरं पायदळ कसं चालतं. धूर विरला तेव्हा जवळजवळ 300 माणसं पडली होती आणि ब्रिगेडच्या प्रत्येक पलटणीचा म्होरक्या मेलेला किंवा जखमी होता. रात्री अर्ली निघून गेला. त्याची शेकोटी सकाळपर्यंत धुमसत होती.

चाळीस जणांना किल्ल्याच्या उत्तरेला एका फळबागेत पुरलं. ती जागा आज बॅटलग्राउंड नॅशनल सिमेटरी म्हणून आहे, जेमतेम एकरभर. तिथे पलटणींच्या स्मरणाचे चार दगड आहेत: पेनसिल्व्हेनियाची 98 वी, न्यूयॉर्कची 122 वी, न्यूयॉर्कची 25 वी घोडदळ. आणि चौथा दगड तुमचा, अख्ख्या पलटणीचा नाही, एकट्या कंपनी 'के'चा.

तुमच्याच पलटणीत मार्क हॅना नावाचा एक सेकंड लेफ्टनंट होता, वय 26, क्लीव्हलंडच्या किराणा मालाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पलटणीच्या वाट्याला आलेली ही एकुलती एक लढाई त्याची हुकली. मेलेल्या एका सोबत्याचं शव घेऊन त्याला ओहायोला पाठवलं होतं. बत्तीस वर्षांनी, 1896 मध्ये, त्याने पैशांच्या आणि संघटनेच्या जोरावर विल्यम मॅकिन्ली यांना राष्ट्राध्यक्ष करून दाखवलं. क्लीव्हलंडच्या भाषणांत त्याच्या शिपाईगिरीचा उल्लेख आला की तुम्ही मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या.

जुलैचे उरलेले दिवस आणि ऑगस्ट पुन्हा फावड्याचे. आता मात्र कवायतीत कोणी हसत नाही. शंभर दिवस 12 ऑगस्टच्या आसपास भरले, पण गाड्या मिळेपर्यंत, कागद होईपर्यंत कोण सोडतो? त्या दिवसांत परतीच्या वाटेवरच्या ओहायोच्या पलटणी व्हाइट हाउसपुढे थांबत. 22 तारखेला 166 व्या पलटणीला लिंकन म्हणाले की मी या घरात तात्पुरता राहतो आहे, आणि माझ्या बापाचा मुलगा इथे आला तसा तुमच्यातल्या कोणाचाही मुलगा येऊ शकतो. मुदतीच्या माणसाने मुदतीच्या माणसांना सांगितलेली गोष्ट.

23 ऑगस्टला क्लीव्हलंडमध्ये तुमची नावं वाचली गेली आणि पलटण मोडली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांनी एक चिठ्ठी लिहिली: आपण पुन्हा निवडून येऊ असं दिसत नाही, तेव्हा नव्या अध्यक्षाच्या शपथेपर्यंत देश वाचवायला त्याच्याशी सहकार्य करावं लागेल. चिठ्ठी घडी घालून, न दाखवता, मंत्र्यांच्या सह्या तिच्या पाठीवर घेतल्या. तुम्ही त्या संध्याकाळी घरी मक्याकडे बघत होता. बरा आला होता म्हणे.

शंभर दिवसांत युद्ध संपलं नाहीच. अटलांटा सप्टेंबरात पडलं, निवडणूक लिंकन यांनी जिंकली, दक्षिणेचा सेनापती ली पुढच्या एप्रिलात शरण आला. 10 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने ओहायोच्या नॅशनल गार्डचे आभार मानले गेले, नंतर प्रत्येकाला छापील प्रशस्तिपत्र मिळालं. तुम्ही ते काचेत बसवलं. तीन वर्षं काढलेला शेजारी घरी आला की त्या भिंतीकडे पाठ करून बसत असे, आणि तुम्ही त्याला कधी बोल लावला नाही.

आता सव्वीस वर्षं पुढे या. 1890, जूनच्या 27 तारखेनंतरचा कुठलाही दिवस. गुडघे गेलेत. काँग्रेसने निवृत्तिवेतनाचा नवा कायदा केलाय: युद्धात किमान 90 दिवस चाकरी, सन्मानाने सुटका, आणि आता कष्ट करायला शरीर साथ देत नसेल तर पेन्शन, ते दुखणं युद्धातच झालं असं सिद्ध करायची गरज नाही. कारकुनापुढे उभे राहा. तो विचारतो, कुठली पलटण? ओहायोची 150 वी. तो नोंदवही उघडतो. हजर 5 मे, सुटका 23 ऑगस्ट. बोट महिन्यांवरून फिरतं: मेचे 27, जूनचे 30, जुलैचे 31, ऑगस्टचे 23. एकशे अकरा. जुलैच्या 31 मधले दोन दिवस कुठले, हे विचारायला त्याच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. तो शिक्का मारतो आणि पुढच्याला हाक मारतो.